स्पीकरवरचा हात

सचिन या गावाहून सुटलेल्या बसमध्ये माझ्या मोबाइलवर एका प्रसिद्ध रॉक गायकाचा फोटो दिसला, तसे शेजारचे काका जवळजवळ ओरडलेच, "हा तर आमच्या गोडादऱ्याचा!"

पुढची माणसं वळून बघायला लागली. काकांना त्याचं काही नव्हतं. अख्खा जन्म कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलेली माणसं अशीच बोलतात, आणि ऐकताना तुमच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघतात.

मी सावरून बसलो. या गायकाने सुरुवातीला गणपतीच्या मांडवात केलेले कार्यक्रम मी कधीचा शोधतोय. कुणाकडेच रेकॉर्डिंग नाही.

"काका, तेव्हा कसा गायचा हो तो?"

माझे ओठ वाचून ते हसले. "कान तर लूमने तेव्हाच खाल्ले होते, भाऊ. मी आपला स्पीकरवर हात ठेवून उभा राहायचो." त्यांनी समोरच्या सीटवर पंजा पसरून दाखवला. "पोरगा घाबरला की गाता गाता थांबायचा. हाताखाली सगळं गप. वाटायचं, गेला आता. पण हात काढवायचा नाही. मग पुन्हा धडधड सुरू!"

"आणि आता?"

"आता टीव्हीवर बघतो ना. एकदाही थांबत नाही."

हे त्यांनी तक्रार केल्यासारखं सांगितलं आणि गोडादऱ्याला उतरून गेले.

मी मोबाइलमधून इयरफोनची वायर काढली, त्या गायकाचं गाणं लावलं, आवाज वाढवला आणि मोबाइल तळहातावर धरला. तो कुठे थांबतोय का, याची वाट बघता बघता माझा स्टॉप निघून गेला.