मधल्या खोलीतला नाश्ता

दूध घातलेला चहा उतू जाऊन जळला की एक कडवट वास सुटतो. त्या सकाळी तो वास मधल्या खोलीत आला, तेव्हा मी टेबलाशी बसून ओट्सचं पीठ ढवळत होते. मोठ्या बाईंच्या हातून चहा उतू गेलेला मी आमच्या हिंगणघाटच्या घरात कधी पाहिला नव्हता. दोनदा हाक मारली आणि मग आत गेले. त्या ओट्याला पाठ टेकून खाली बसल्या होत्या, तोंड किंचित वाकडं करून, एखादा पदार्थ बिघडलेला कळल्यावर करायच्या तसं. मी आधी गॅस बंद केला. लग्न होऊन या घरात आल्याला एक जन्म लोटला, पण पहिला आठवडा सोडला तर त्या गॅसचं बटण मी त्या सकाळीच फिरवलं... डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी थांबलं, त्यांना कळलंही नसेल. मला हे पटलेलं नाही. मोठ्या बाईंना न कळता या घरात काही होत नसे.

मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सिंधूबाई. त्यांना जाऊन महिना उलटून गेला. आठवडाभरातच त्यांच्या मुलानं, पुण्याच्या नितीननं, फोनवर सगळ्यांना दिसेल असा मजकूर टाकला. सोबत एका बशीचा फोटो आणि खाली ओळ : ‘आई, तुझ्या हातचे हेल्दी ओट्स वॉफल आता कोण करणार?’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. कुणी लिहिलं, किती आधुनिक विचारांच्या होत्या. कुणी लिहिलं, किती प्रेमळ. एकीनं तर त्या दुःखातच कृती मागितली आणि नितीनच्या बायकोनं, केतकीनं, ती व्यवस्थित टाइप करून दिलीसुद्धा. बसायला येणाऱ्या बायकाही तेच बोलू लागल्या. शेवटपर्यंत किती पथ्य पाळलं, म्हणे. मेलेल्या माणसावर साखर पेरायची आपल्याकडे रीत आहे, आणि या बाईला तर साखर डॉक्टरांनीच बंद केली होती. खरं एवढंच आहे, की मोठ्या बाईंनी आयुष्यात एकही वॉफल केलं नाही. ते भाजायच्या विजेच्या मशीनला त्यांनी बोटही लावलं नाही. त्या आधुनिक नव्हत्या आणि प्रेमळ तर अजिबातच नव्हत्या. महिनाभरात त्यांच्या जागी एक गोड, आरोग्यदायी म्हातारी आणून बसवली गेली आहे आणि जिला मी ओळखत होते ती बाई दिसेनाशी होत चालली आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी नागपूरहून या घरात आले ती संस्कृत घेऊन शिकलेली, नोकरी करणार असं आधीच ठरवून आलेली. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही सगळे. पहिल्याच आठवड्यात मी वरण केलं आणि माहेरच्या सवयीनं त्यात गुळाचा खडा टाकला. मोठ्या बाईंनी एक घास घेतला, ताट सरकवलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, “इच्या मायनं इले पुस्तकं देल्ली, जीभ नाई देल्ली.” मग माझ्याकडे वळून, “तू निवडून देत जाय, चिरून देत जाय. गॅसले हात नको लावू.” तो निकाल पुढे कधी बदलला नाही. मी शाळेत शिकवत राहिले, घरी आल्यावर मेथी निवडत राहिले. लोकांना वाटे, काय सुखाची नोकरी आहे हिची, आयतं ताट मिळतं. आयतं ताट कसं लागतं, हे त्यांनी खाऊन पाहिलं नव्हतं. अर्थात मीही कमी नव्हते. वाण्याच्या पुडीवरचा कागदसुद्धा न वाचणाऱ्या या बाईविषयी मला मनातून जे वाटे, ते मी शुद्ध भाषेत मनातच ठेवत असे. त्या माझ्या हाताला तुच्छ लेखत, मी त्यांच्या डोक्याला. त्यामुळे घरात शांतता होती.

पुढे सासूबाई गेल्या, मोठे दीर गेले, दुकान भाड्यानं दिलं. मग हे गेले. मला मूलबाळ नव्हतं, नितीन पुण्याला, आणि मी शाळेतून निवृत्त. एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघी जावा उरलो. मोठ्या बाईंना शुगर निघाली, आणि त्यांनी त्या आजारालाही सुनेसारखं वागवलं, म्हणजे त्याचं काही ऐकायचंच नाही. सकाळची गोळी घेऊन दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहायच्या. एकदा बाजारात वांगी निवडता निवडता चक्कर येऊन पडल्या. तेव्हा नितीननं पुण्याहून ते मशीन पाठवलं, ओट्सचे डबे पाठवले आणि फोनवर तोंड दाखवून समजावू लागला, “आई, मैदा नाही, साखर नाही. ओट्स मिक्सरमधून काढायचे, दही, एक पिकलेलं केळं, एक अंडं...”

“अंडं? माह्या घरात?”

पडद्यात केतकी डोकावली. अंड्याऐवजी चालेल असं काहीतरी ती पाठवते म्हणाली. चार दिवसांनी एक गुळगुळीत पाकीट आलं. मोठ्या बाईंनी ते फाडलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “बाप्पा! हे तं जवस होय. माह्या डब्यात किलोभर पडून आहे. पुण्याहून हिंगणघाटले जवस धाडते का वं कोनी?” ते पाकीट त्यांनी कामवालीला देऊन टाकलं. ओट्स हातावर घेऊन म्हणाल्या, “हे घोड्याचं खाणं माह्या सैपाकघरात येनार नाई.” आणि मशीनकडे बोट दाखवून, “ते लाइटीवर चालते. ते काई सैपाक नाई. तूच कर तिकडे मधल्या खोलीत.” अशा रीतीनं ओट्स आणि मी, दोघांचीही रवानगी मधल्या खोलीतल्या टेबलावर झाली. विजेवर चालणाऱ्या गोष्टींवर त्यांचं राज्य नव्हतं, आणि त्या फटीतून, केस पांढरे झाल्यावर, मी या घरात त्या वरणानंतर पहिल्यांदा काहीतरी शिजवलं.

ते काय शिजलं, त्याचं वर्णन करवत नाही. वॉफल हा पदार्थ मुळात मला हास्यास्पद वाटतो. भाकरीला ठशात दाबून तिची जाळी करायची, ती जाळी करायला एक मशीन घ्यायचं आणि मग त्या जाळीतून मैदा, साखर, लोणी एकेक काढून घेऊन तिला आरोग्य म्हणायचं! उरतो तो फक्त आकार. पहिल्या दिवशी मी दिवा हिरवा होण्याची वाट पाहत उभी होते. “झालं का? का पोथी वाचाची राह्यली अजून?” मी झाकण उघडलं आणि वॉफलचे दोन आडवे पदर झाले, एक खालच्या ठशाला चिकटून, एक वरच्या. मोठ्या बाई जवळ येऊन वाकल्या. “पाय, कसं तोंड उघडून राह्यलं. त्याले बी खावं वाटून नाई राह्यलं स्वतःले.” दुसरं जरा धड निघालं. त्यांनी ते उलटंपालटं केलं. “हे खड्डे कशाले?”

“त्यात मध राहतो म्हणे.”

“शुगरवाल्याले खड्डे दाखवाचे अन् मध नाई द्याचा. कोन्या बदमाशानं काढलं असन हे?” असं म्हणून त्या आत गेल्या, जवसाची चटणी आणि तेल घेऊन आल्या, प्रत्येक खड्ड्यात बोटानं चटणी भरली, वर तेल सोडलं आणि सगळं खाल्लं. बशी सरकवत म्हणाल्या, “घोड्याले बी याच्यापेक्षा बरं भेटत असन.” पण बशी रिकामी होती.

त्यानंतर रोज हेच. मी पुस्तक वाचावं तशी त्या मशीनमागे लागले. पीठ रात्री भिजवून पाहिलं, ते आमच्या उन्हाळ्यात फसफसून भांड्याबाहेर आलं. केळं काढून कांदा-कोथिंबीर घातली, दही कमी केलं, ठशांना तेल लावायला ब्रश आणला. त्यांचे निकाल रोज नवे. “आज संस्कृतात भाजलं का?” “हे दरवाज्याखाली लावाले ठेव, हवेनं आपटते तो.” पाहुणे असले की बोलावून दाखवायच्या, “या, पाहा, आमच्या मास्तरीणबाईनं रोड केला, खड्ड्यासकट.” पाहुण्या हसायच्या आणि जाता जाता माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायच्या. त्या कीवेची मला जास्त चीड येई. मोठ्या बाई निदान खाऊन बोलत. शुगर खाली आली तेव्हा डॉक्टर खूश होऊन म्हणाले, हेच चालू ठेवा. घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या, “त्याचं काय जाते? त्याले थोडी खा लागते.”

एका पावसाळ्यात मला तापानं धरलं. सकाळी उठवेना. मोठ्या बाई आज पुन्हा नुसत्या चहावर राहणार, हेच डोक्यात घोळत होतं. थोड्या वेळानं त्या माझ्या खोलीत आल्या, हातात ताटली. त्यात धिरडं होतं. कडा कुरकुरीत, मधे मऊ, ओव्याचा आणि हिरव्या मिरचीचा वास. तोंडाला चव नसतानाही मी ते सबंध खाल्लं. शेवटच्या घासाला ओट्सची कणी दाताखाली आली.

“बाई, यात ओट्स आहेत?”

“मंग काय! तुह्या डब्यातून उचलून नेले. मीबी तेच खाल्लं आत्ता.”

आत, सैपाकघरात, गॅसवर. मी उठून बसले. म्हटलं, “मग तुम्ही रोज असंच का करत नाही? वेळेवर पोटात जाईल आणि चवीचं जाईल. ते मशीन हवंच कशाला?”

त्यांनी माझ्या हातातली ताटली घेतली. “मंग सकाळी तू काय करशीन?” एवढं बोलून त्या गेल्या. दाराबाहेरून आवाज आला, “उद्या उठजो. लोळत नको राहू.”

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी पोचले तर त्या आधीच येऊन बसल्या होत्या. “लाव तुही मशीन,” म्हणाल्या. मग ते वॉफल खाल्लं आणि म्हणाल्या, तापातून उठल्यावर माणसाची अक्कल तरी जाग्यावर येते, तुझी तीही नाही आली. त्यानंतर ते धिरडं त्यांनी पुन्हा केलं नाही. असं धिरडं ज्या बाईच्या हातून उतरत होतं, ती बाई रोज सकाळी माझ्यासमोर बसून ते दमट, जाळीदार, बिनचवीचं काहीतरी चावत होती आणि चावून झालं की मला टाकून बोलत होती. ‘सकाळी तू काय करशीन’ या त्यांच्या वाक्यात माया होती असं कुणी म्हणेल. आजकाल लोकांना सगळीकडे माया सापडते. मोठ्या बाईंना हे ऐकवलं असतं तर त्यांनी म्हणणाऱ्याला उभंही केलं नसतं. मी कितीदा ते वाक्य उलटसुलट केलं, पण तो टोमणा होता की आणखी काही, हे मी अजून ठरवलेलं नाही. सकाळ मात्र भरलेली असे, एवढं खरं.

गेल्या आठवड्यात नितीन आणि केतकी पुन्हा आले. मासिकाचं आटोपलं आणि केतकी फोन धरून सैपाकघराची मापं घेऊ लागली. मधली भिंत काढली की सगळं मोकळं होईल, म्हणाली, आईंना असाच उजेड आवडायचा. मोठ्या बाई उन्हाळ्यात सैपाकघराची खिडकी कागद चिकटवून बंद करायच्या. नितीननं ओट्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि मला म्हणाला, “काकू, उद्या सकाळी आईसारखे वॉफल कर ना.”

सकाळी मी मधल्या खोलीत मशीन लावलं. पहिलं फाटलं, दुसरं निघालं. नितीननं त्याच्या खड्ड्यांत मध ओतला, पुण्याहून आणलेला. एक घास घेऊन त्यानं डोळे मिटले. “अगदी आईच्या हातचे,” म्हणाला. त्याचं गहिवरणं, मला वाटतं, खरंच होतं. त्यामुळे तर ते जास्तच सहन होईना. मी पुढचं वॉफल बशीत ठेवत होते. केतकीनं फोन वर धरला आणि अगदी अदबीनं म्हणाली, “काकू, जरा हात बाजूला घेता का? फोटोत येतोय.”

मी हात काढला नाही.

“हे मी केले आहेत,” मी नितीनला म्हणाले. “तुझ्या आईनं केले असते, तर खाण्यासारखे झाले असते.”