खापरे गल्लीचा स्टॉपर

बसाप्पाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी हवेत होतो. १९९१ साल. खापरे गल्ली तालमीच्या फुटबॉल संघात नवीनच आलो होतो. सरावात चेंडू घेऊन गोलकडे सुटलो आणि भर दुपारी अंधार झाला. ग्रहण आहे की काय म्हणून वर बघावं, तोवर मीच वर. वरून मला कसबा बावड्याच्या कारखान्याची चिमणी दिसली, कळंब्याचा तलाव दिसला, आणखी फूटभर उडालो असतो तर राधानगरीच्या धरणात किती पाणी आहे तेही सांगितलं असतं. खाली आलो तेव्हा एक कपाट माझ्यावर वाकून विचारत होतं, "पावणं, लागलं न्हाय न्हवं?"

लागलं, हे सांगायलाही छातीत हवा नव्हती. त्यानं मला पिशवीसारखं उचलून कडेला ठेवलं आणि खिशातला गुळाचा खडा तोंडात कोंबला.

घरचं गुळाचं दुकान. ढेपा उचलून खांदे तसे झालेले. संघात तो स्टॉपर, म्हणजे समोरच्याला गोलपर्यंत पोचू न देणारा. गोल करणाऱ्याला गल्ली खांद्यावर घेऊन नाचते. गोल अडवणाऱ्याला कोण घेतंय? बसाप्पाला घ्यायचं तर क्रेनच लागली असती म्हणा. पेपरात त्याचं नाव एकदाच छापून आलं, पिवळं कार्ड मिळाल्याचं.

त्याला एकच हवं होतं. तालमीच्या माडीवर विजेत्या संघांचे फोटो लावतात. शेवटचा होता १९७४ चा. पुढच्या फोटोत त्याला उभं राहायचं होतं.

१९९७ साली सेमीफायनल जिंकलो आणि त्याच मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, सहा महिने खेळ बंद. फायनल नऊ दिवसांवर. आमच्या गल्लीत डॉक्टरचं ऐकून घेतात आणि वस्तादाचं ऐकतात. आकाराम वस्तादांनी जन्मभर पैलवानांची हाडं बसवलेली. गुडघा दाबून म्हणाले, "शीर चढलीया. आठ दिवसांत पळवतो की!"

रोज तेल, रोज मालीश. बसाप्पा उपरणं दातात धरून पडायचा. त्याची बायको शिवलीला दारातून मला म्हणाली, "भावजी, तुम्ही शिकल्यालं हाय. सांगा की ह्यास्नी."

मी म्हणालो, "वहिनी, नऊ दिवसांचा तर प्रश्न."

बसाप्पा पडल्या पडल्या ओरडला, "एकदा फोटो निघू दे, मग पाय कापून न्या म्हणावं!"

सगळे हसले. मीही हसलो. शिवलीला आत निघून गेली.

फायनलच्या तेविसाव्या मिनिटाला बसाप्पा वळला आणि पाय तिथंच राहिला. आम्ही दोन गोलनं हरलो. पुढं ऑपरेशन झालं, पण गुडघा वाकायचा बंद झाला तो कायमचा. दुकानात पाय लांब करून बसायचा. गिऱ्हाईक त्याला ओलांडून आत जायचं. "आजबी कुणाला सरळ जाऊ देत न्हाय मी," म्हणायचा.

२००१ साली तालीम जिंकली. मी गुलालासकट स्कूटरवरून दुकानात गेलो.

"चल, फोटो हाय."

"मी कुठं खेळलोय?"

"गप उठ."

त्यानं जुनी जर्सी शोधून काढली. ती पोटावरून खाली येईना, तेव्हा खांद्यावर टाकली. तालमीत पोचलो तर वरून हाका चाललेल्या. जिना अरुंद, दोघं शेजारी मावणार नाहीत असा. "तू हो म्होरं," बसाप्पा म्हणाला, "आलोच."

मी पळत वर गेलो. फोटोग्राफरला म्हणालो, जरा थांबा, बसाप्पा येतोय. कुणीतरी कोपरानं मला रांगेत ढकललं, चषक माझ्या हातात आला, फ्लॅशचा उजेड पडला आणि पोरं ओरडत खाली सुटली. जिन्यात बसाप्पा भिंतीला चिकटून त्यांना वाट देत उभा होता, नवव्या पायरीवर.

पुन्हा एक काढा म्हणालो, तर फोटोग्राफरचा रोल संपला होता. २००६ साली बसाप्पा काविळीनं गेला.