माझी कॅसेट पाखरं हाकलायला

मंडळी, आज वैशाखरे गावी, सासरी गेले होते. शहापूरला परत आले तरी संताप उतरलेला नाही.

कॉलेजात घेतलेली माझी एक कॅसेट तिथल्या ट्रंकेत होती. पोस्ट-पंक म्हणजे उदास धाटणीचं रॉक वाजवणाऱ्या इंग्रजी बँडची. गिटार बाजूला ठेवून मशीनचा ड्रम वाजवला म्हणून अर्ध्या चाहत्यांनी शिव्या घातल्या, तो अल्बम. आपल्या या कॅसेटवाल्यांच्या ग्रुपवरही त्याला भंगार म्हणणारे आहेत.

थोरल्या जाऊबाईंनी ती कॅसेट फोडून फीत भाताच्या शेतावर ताणली होती. वाऱ्यावर फीत गुणगुणते आणि पाखरं पळतात.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"लावून बघितली गो आधी. गाना नाय काय नाय, नुसती धडधड. भजनाच्या कॅसेटी ठेवल्या ना मी."

अशी निवड करणाऱ्यांची मला किळस येते. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ऐका. आधी एकटा बेस चालत येतो, मागून ड्रम, आणि गायक नोटीस वाचावी तसं दुःख सांगतो. वडील गेले त्या वर्षी मी तेवढंच ऐकत होते. त्या जागी फीत झिजून खरखरायची. ती खरखर फोनवर मिळत नाही.

मी फीत सोडवू लागले, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "बघ, एक पाखरू नाय फिरकत."

म्हणजे नावं ठेवणाऱ्यांत आता पाखरंही आली.

फीत पिशवीत भरून आणली आहे. पुन्हा एखाद्या रिकाम्या कॅसेटमध्ये कशी बसवायची, कोणाला येतं? पाखरांशी सहमत असलेल्यांनी उत्तर देऊ नये.