समोर येऊन बोलायचं

आमच्या घरात एक नियम होता: आबांना मागून हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर समोर जायचं, त्यांच्याकडे तोंड करायचं आणि मग बोलायचं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, काम होत नाही, असं आमच्याकडे मानतातच. त्यामुळे पाटणकडच्या आमच्या गावात कुणाला यात वावगं वाटलं नाही. माझे वडील तोफखान्यातून हवालदार होऊन परतलेले. फौजी माणूस, शिस्तीचा, असं म्हणून लोक सोडून देत. मला मात्र तो निव्वळ तोरा वाटायचा. लहानपणापासून माझ्या नाकावर राग, आणि या रागाला एक कारणही होतं.

मी चौथीत असताना उसाच्या पाटाकडेला मला विंचू चावला. आबा वीसेक पावलांवर पाठमोरे उभे राहून पाणी फिरवत होते, पंप चालू होता. मी तीनदा हाक मारली. ते वळले नाहीत. वाफा भरल्यावर वळले, मला चिखलात बसलेली पाहिलं आणि खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत सुटले. ते पळणं मी लवकरच विसरले. न वळणं काही केल्या विसरले नाही.

बरं, त्यांच्या कानांवर शंका घ्यायला जागाच नव्हती. कोयनेच्या अंगाला जमीन अधूनमधून हलते. फडताळातली भांडी वाजायच्या आधी आबा म्हणायचे, "हाललं." मग आम्हाला भांडी ऐकू यायची. "हवालदारांचं कान म्हंजी कान हायत," असं सगळी आळी म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांना साताऱ्याला माजी सैनिकांच्या कार्यालयात घेऊन गेले. तिथला कारकून स्वतःही फौजेतून आलेला. त्यानं सांगितलं की अपंगत्वाच्या पेन्शनीचे वैद्यकीय निकष बदललेत, आता कानासाठी यंत्रावर काढलेला आलेख बघतात. मग खालच्या खणात वाकून कागद शोधता शोधता त्यानं विचारलं, "आवं, तोफेवर किती वर्षं हुता तुमी?"

आबा हसून म्हणाले, "बरं हाय, सायेब."

कारकुनानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. परतीच्या एसटीत मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसले आणि विचारलं, "आबा, तुमाला ऐकू येत न्हाई?"

ते खिडकीकडे वळले. तिकडेच बघत म्हणाले, "समूर असलं की समजतंय."

मग बाकीचं हळूहळू बाहेर पडलं. पलटणीत वर्षाला तपासणी व्हायची. डॉक्टर लांब उभा राहून आकडा कुजबुजायचा, तो आपण सांगायचा. आकडे सगळ्यांना तेच असायचे, म्हणून आबांच्या आधीचा गडी बाहेर पडताना बोटांनी आकडे दाखवून जायचा. तब्येतीची कॅटेगरी खाली गेली की तोफेवरून काढतात, म्हणून सगळे एकमेकांना असे सांभाळून घेत. निवृत्तीच्या कागदावरही आबांनी सही करून दिलं होतं: काही तक्रार नाही. आता अर्ज करायचा म्हणजे स्वतःच्याच सहीला खोटं म्हणायचं. आबांचा सगळा जीव तिथं अडकला होता.

"दिलेला शबुद कसा मागं घिऊ?" ते म्हणाले.

"शब्द दिला तवा कुणी खरं विचारलं हुतं का?" मी म्हटलं. त्यावर ते सांगलीला माझ्या घरी यायला तयार झाले.

सांगलीत कान तपासणाऱ्या मुलीनं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आबांनी असं काही दाबलं की विचारू नका. एकही चुकवला नाही. मुलगी म्हणाली, "कान तर उत्तम आहेत." मी कपाळावर हात मारला. बाहेर येऊन आबा माझ्याकडे अपराध्यासारखे बघायला लागले.

"तिचं कोपार हालतंय नव्हं का," ते म्हणाले. "दिसलं की हात आपसूक दाबतोय. काय करू?"

इतकी वर्षं नापास न होण्यासाठी जो माणूस झटला, त्याला आता नापास व्हायचं होतं आणि ते त्याला जमत नव्हतं. मी त्या मुलीला सगळं सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

मी तिच्या शेजारी उभी होते. ती आवाज वाढवत होती आणि आबा भिंतीकडे तोंड करून ताठ बसले होते, अंगठा बटणावर. ती वाढवत गेली. अंगठा हलला नाही. मला वाटलं होतं थोडं कमी ऐकू येत असेल. कागदावरची रेघ खाली, आणखी खाली उतरत गेली आणि मी थक्क होऊन बघत राहिले. या शांततेत राहून हा माणूस आमच्याशी बोलला, भांडला, माझ्या लग्नात पाहुण्यांची विचारपूस करत फिरला. आईच्या ओठांवरून त्यानं चाळीस वर्षं संसार वाचला. भांडी वाजायच्या आधी त्याला कळायचं, ते पायाच्या तळव्यांनी. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

अर्ज केल्यावर लष्करी इस्पितळातल्या वैद्यकीय मंडळापुढे डॉक्टरांनी जुना कागद वाचून दाखवला. "तुम्हीच लिहून दिलंय, तक्रार नाही." आबांची मान खाली गेली. मग डॉक्टरांनी मला विचारलं, घरात कधी काही जाणवलं का? मी मागून हाक न मारण्याचा नियम सांगितला. डॉक्टरांची लेखणी थांबली. ते उठून आबांच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "झालं बाबा, तुम्ही जाऊ शकता."

आबा तसेच बसून राहिले, हात गुडघ्यांवर, पुढच्या हुकमाची वाट बघत. मी समोर गेले.

"पास?" आबांनी विचारलं.

"नापास," मी म्हटलं.

पाच महिन्यांनी पत्र आलं. अर्ज मंजूर झाला होता. दोन्ही कानांची श्रवणशक्ती सेवेमुळे गेली, असं त्यात लिहिलं होतं. मी गावी गेले होते. आबांनी ते ओसरीवर बसून दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला समोर बसायला सांगितलं.

"पाटावर तुला इंचू चावला हुता," ते म्हणाले. "तवा तू मला हाक मारली हुतीस का?"

एवढी वर्षं ते हे विचारायचं टाळत आले होते. विचारलं असतं तर ऐकू आलं नाही हे कबूल करावं लागलं असतं. आता ते सरकारनंच लिहून दिलं होतं.

मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं.

"मारली हुती, आबा. तीनदा."