व्हॉल्व्हच्या ओळीवरचा एरर

खरं सांगते, असले अनुभव वाचून मी आजवर हसत आले. आमचं बुद्धवंदना म्हणणारं घर. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, हे बाबांनी लहानपणीच डोक्यात भरवलेलं. त्यात मी प्रोग्रामर. पण वसमतजवळच्या एका हळद कारखान्यात भर दुपारी जे घडलं ते... असो, सांगते.

बाबा तिथं हळद शिजवायच्या कामाला. मोठे लोखंडी ड्रम, त्यात बॉयलरची वाफ सोडायची. ती सोडणारा जुना प्रोग्राम कादरचाचांनी लिहिला होता. चाचा म्हणजे कारखान्याचे इलेक्ट्रिशियन, बाबांचे जिगरी दोस्त. गेल्या वर्षी वारले. त्यांची एक सवय होती — वाफ सोडण्याआधी ड्रमवर पान्यानं ठणठण वाजवायचं, कान लावून थांबायचं, मगच बटण. सगळे हसायचे त्यांना.

नवं मशीन आलं, तसं जुना कोड नव्यात उतरवायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी पार्सर लायब्ररी घेतली, म्हणजे कोड ओळीनं वाचून त्याचा अर्थ लावणारं तयार सॉफ्टवेअर. त्यानं सगळं वाचलं की नवा प्रोग्राम बनणार आणि लगेच ट्रायल, पहिल्या ड्रमात वाफ. बाबा कुठं दिसेनात. जेवायला गेले असतील म्हटलं.

पण ते वाचेचना! दर वेळी व्हॉल्व्ह उघडायच्या ओळीवर एरर. ओळीत तर काहीच चूक नव्हती. लपलेली अक्षरं शोधली, लायब्ररीचं व्हर्जन बदललं, ओळ हातानं पुन्हा टाइप केली. तेवढीच ओळ वेगळी दिली तर बरोबर वाचायचं. पूर्ण फाइल दिली की परत तिथंच अडून बसायचं. माझं डोकंच फिरलं.

"ताई, काहून अडलं? हळद पडून राहिली ना," मागून मालक म्हणाले.

"झालंच," मी म्हणाले.

शेवटी ती ओळ कॉमेंट केली — म्हणजे पार्सरनं तिच्याकडे बघायचंच नाही — आणि खाली माझी नवी ओळ लिहिली. एंटर दाबलं.

एरर... कॉमेंटवर!

अहो, जे वाचायचंच नाही त्यात चूक सापडेल कशी? अंगावर सर्रकन काटा आला. आणि का कोण जाणे, मला चाचांचा पाना आठवला. उठले, पाना उचलला आणि पहिल्या ड्रमवर जोरात हाणला.

मालक हसले, "आता तुमी बी?"

आतून ठोका आला.

आम्ही धावत झाकण काढलं. आत बाबा! तळाला चिकटलेली हळद खरवडायला उतरलेले. ड्रम रिकामा समजून कुणीतरी झाकण लावून टाकलेलं. मी त्यांना गच्च धरून हमसून हमसून रडले, सगळ्यांदेखत.

संध्याकाळी बॉयलर बंद ठेवून तीच फाइल चालवली. एक अक्षर बदललं नव्हतं. एका झटक्यात वाचली गेली. लायब्ररीवाल्यांनाही पाठवून पाहिली. त्यांच्याकडे तो एरर येतच नाही म्हणे.

घरी बाबांना विचारलं, "हाका नाही का मारल्या?"

"लई मारल्या, माय. बॉयलरच्या आवाजात कुणाला ऐकू येऊन राहिलं? मालकाला मारली, तुला मारली..." पाण्याचा तांब्या त्यांनी खाली ठेवला. "मंग कादरभाईला मारली."

तो एरर कशाचा होता, मला आजही सांगता येत नाही. ट्रायलच्या आधी पाना मात्र मीच वाजवते, आणि कान लावून थांबते. आता कुणी हसत नाही.