न कापलेले कागद

वंदनाचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि मी टाकी भरत होतो. ती म्हणाली, "काका, बाबा गेले..." टाकी भरून पाणी अंगणातून रस्त्यावर वाहत गेलं, शेजारणीनं हाक मारली तेव्हा भानावर आलो. लक्ष्मण जालन्यातच राहायचा, माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. आणि तो गेल्याचं मला कळलं ते पुण्याहून, त्याच्या मुलीकडून. याला आता सहा आठवडे होतील.

आम्ही दोघं धावड्याचे, एका बाकावरचे. मी मास्तर झालो, तो पाटबंधारे खात्यात अनुरेखक. अभियंत्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि एकेक रेघ शाईनं गिरवायची, हे त्याचं काम. चूक झाली तर वाळलेली शाई अर्ध्या ब्लेडनं अशी खरवडायची की कागदाला इजा होता कामा नये. त्याचे सायेब म्हणायचे, लक्ष्मणनं गिरवलेला नकाशा छापल्यासारखा दिसतो. पुढं कचेरीत कॉम्प्युटर आले, अनुरेखकांची गरज सरली आणि त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. पण त्याच सुमारास एका पुस्तक प्रदर्शनातून त्यानं कागदी दीपगृहाचं किट आणलं. जाड कागदावर छापलेले भाग कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे, की वीतभर उंचीचं दीपगृह उभं राहतं. वंदना तेव्हा शाळेत होती. तिच्यासाठी म्हणून आणलं खरं, पण तिला त्याला हात लावायची मुभा नव्हती!

नंतर पवनचक्की झाली, वाफेचं इंजिन झालं, परदेशातला कुठलासा घड्याळाचा मनोरा झाला. इंजिनाची चाकं फिरायची. वहिनी म्हणायच्या, "भावजी, यांना समजावून सांगा, टीव्हीवरबी आता जागा न्हाई राह्यली." पण आल्यागेल्याला ते इंजिन दाखवायच्या त्याच. वहिनी गेल्या, वंदना लग्न होऊन पुण्याला गेली, आणि किटं वाढत गेली. कुरियरवाला त्याचं घर न विचारता शोधायचा. लोखंडी कपाट भरलं, दिवाण भरला, मग वहिनींच्या साड्यांची पेटी. जहाजं, पूल, किल्ले, रेल्वे स्टेशनं. सगळी आडवी, पाकिटात. उभं मात्र एकही होत नव्हतं.

दोनेक वर्षांपूर्वी त्यानं मुद्दाम बोलावून एक शिडाचं जहाज दाखवलं. पंधरा-सोळा तक्ते, शेकडो भाग. तो दिवाणावर बसून एकेक तक्ता माझ्या मांडीवर ठेवायला सांगत होता, स्वतः हातात धरत नव्हता. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. मी म्हणालो, "अरे, सात जन्म पुरायचे न्हाई तुला. बनवत तर काहीच न्हाईस, नुसता ढीग करून राह्यला."

तो जरा हसला. "बराबर हे तुझं," म्हणाला.

त्यानंतर त्यानं मला एकही किट दाखवलं नाही. मला वाटलं, नाद सुटला.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. मी निघालो तर दारापर्यंत आला आणि एकदम म्हणाला, "सुदाम, तुझे हात कसे हे रे?"

"हाताला काय धाड भरलीय?"

"न्हाई, असंच. उद्या दुपारी येतो का? थोडं काम होतं."

केदारखेड्याला मेहुण्याकडं जायचं ठरलं होतं. मी म्हणालो, आल्यावर बघू. आल्यावर सर्दी झाली, मग कुणाचं तरी लग्न निघालं... पंधरा मिनिटांचा रस्ता. मी गेलो नाही.

तेराव्यानंतर वंदनानं घर आवरायला बोलावलं. कपाटाच्या खणात औषधांच्या चिठ्ठ्यांची फाईल निघाली, तीन वर्षांची. हातांच्या कंपावरची औषधं होती. तिच्याखाली दीपगृहाच्या तक्त्याच्या, तो कापण्याआधी काढून ठेवलेल्या झेरॉक्स प्रती, आता कात्रीनं कापायला घेतलेल्या. एकही कड सरळ नव्हती. काही ठिकाणी कात्री भागाच्या मधूनच गेली होती. दीपगृह म्हणजे त्याचं पहिलंवहिलं, सगळ्यात सोपं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

वंदना प्रती हातात घेऊन बसली होती. "रोज बोलायचो हो आम्ही. पण फोनवर हात कुठं दिसतात, काका?"

मला तर दिसत होते. समोर बसून, मांडीवर तक्ते घेऊन मी बघितले नाहीत.

मग आम्ही पाकिटं उघडत गेलो. मी ज्याला ढीग म्हणालो होतो, त्यातला एकेक तक्ता त्यानं वाचला होता. प्रत्येक भागाशेजारी बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं... 'आधी १४, मग ९.' 'ही घडी उलटी.' 'इथं डिंक कमी.' जुन्या किटांवर ते छापल्यासारखं अक्षर होतं. नंतरच्या किटांवर ते वाकडं होत गेलेलं, अगदी अलीकडच्यांवर तर ओळ खाली घसरत गेलेली. पण त्यानं सोडलं नव्हतं. अखेरच्या पानापर्यंत प्रत्येक भागाचा क्रम लावून ठेवला होता. मनातल्या मनात तो ती उभी करत असणार, एकटाच, त्या खोलीत.

वंदना म्हणाली, शाळेला देऊन टाकू. दिली. शिडाचं जहाज तेवढं मी मागून घेतलं.

आता दुपारी जेवण झालं की मी कागद पसरून बसतो. मला ही कला नाही, डिंक बोटांना लागतो, घड्या फसतात. पण त्याच्या पेन्सिलीमागं चालत राहिलो की चुकत नाही. तळ झाला, दोन्ही बाजू झाल्या, डेक बसला. परवा मधल्या डोलकाठीपाशी आलो. तिथं त्यानं, अक्षर फार हलत होतं म्हणून की काय, मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'हे एकट्याचं काम न्हाई. एकानं धरायचं, दुसऱ्यानं चिकटवायचं.'

दोन दिवस झाले, जहाज टेबलावर तसंच आहे. डोलकाठी मी एका हातानं धरून बघतो. ती कलते.