गुरुवारी आलेल्या दोघी

तुमचे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, नव्वदचे दशक सरत आले असताना, आमच्या पाळकांनी मला कसबा बावड्याला पाठवले. तिथे साखर कारखान्याजवळची पाच-सहा घरे नुकतीच ख्रिस्ती झाली होती. त्या घरांतल्या बायकांना बायबल वाचायला शिकवायचे होते. आपले घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, त्यात मी शाळेत इंग्रजी शिकवलेले. आपण द्यायलाच चाललो आहोत, याविषयी मला शंका नव्हती.

एका मंगळवारी आम्ही अनाथांचा आणि विधवांचा समाचार घ्यावा, त्यांची विचारपूस करावी, हे वचन वाचले. गुरुवारी दुपारी त्यांच्यातल्या दोघी, सासू आणि सून, माझ्या दारात उभ्या.

"वाचताना काही अडलं का?" मी विचारले.

"न्हाय की. तुमचा समाचार घ्यायला आलोय," सासू म्हणाली.

"माझा कशाला?"

"तुमी विधवाच हाईसा न्हवं?" सून म्हणाली. सासूने तिला कोपर मारले. "कसं बोलावं कळत न्हाय हिला, बाई."

तो शब्द वर्षभरात कुणी माझ्यासमोर उच्चारला नव्हता. चर्चमध्ये लोक "कशा आहात?" विचारत आणि मी "बरी" म्हणेपर्यंत पुढे गेलेले असत. तुमचे बाबा फोनवर तेच विचारत, मीही तेच सांगत असे.

"जेवता का येळेवर?" सासूने विचारले. मी हो म्हटले. सुनेने सरळ स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचे झाकण काढले. आदल्या दिवशीचा भात होता. ती भाकरीचे पीठ मळू लागली. माझ्या ओट्याला मी कुणाला हात लावू देत नसे. त्या दिवशी बसून राहिले आणि सासूला आजोबांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल सांगितले, अगदी सगळे.

त्या गेल्यावर मला चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसणारी बाई आठवली. तिचे यजमान जाऊन सात वर्षे झाली होती. मी तेव्हा सुवाच्य अक्षरात सांत्वनाचे पत्र पाठवले होते, बस्स.

पुढच्या गुरुवारी मी तिच्याकडे गेले. तिने जाळीतूनच विचारले, "चर्चचा काही निरोप आहे का?"

"नाही. तुम्हाला भेटायला आले."

कडी काढायला तिला वेळ लागला. आम्ही समोरासमोर खुर्च्यांवर बसून उन्हाळ्याबद्दल बोललो. ते वचन आम्हा दोघींना लहानपणापासून पाठ होते, पण पुढे काय करायचे ते एकीलाही ठाऊक नव्हते. बऱ्याच वेळाने मी जेवणाचे विचारले.

"एकटीसाठी काय करायचं?" ती म्हणाली.

उठून तिच्या स्वयंपाकघरात जायचा धीर मला झाला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात मात्र डबा घेऊन गेले. आम्ही दोघी एकत्र जेवलो.